एका चुकीचे दोन मालक

आमच्या मामांइतका सरळ चालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल म्हणत नाही, स्वभावाचं पुढं बघू. मी त्यांच्या पायांबद्दल बोलतोय. वाटेत चिखल येवो, बाभळीचं काटवन येवो, नाहीतर रवंथ करत बसलेली म्हैस येवो, मामा आपली रेष सोडायचे नाहीत. शेवटी म्हैस उठायची. एकदा आठवडी बाजारात ते एका बांगडीवाल्याच्या पथारीपाशी येऊन अडले. वळसा घालायचा तर पाच-सहा पावलं जास्तीची पडतात, म्हणून काही न बोलता तिथंच उभे राहिले. बांगडीवाल्यानं आधी गिऱ्हाईक समजून बांगड्या दाखवल्या, मग वैतागून शिव्या दिल्या, आणि अखेर पथारी गोळा करून वाट दिली. मामांनी त्याला रामराम केला आणि निघाले. मी मागून येत होतो, मी वळसा घातला, तर मला म्हणाले, "साहेब, तुमी एवढं शिकलेले, अन् अशी वाकडी वाट काहून धरता?"

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. आमच्याकडं ऑफिसातल्या वयस्कर शिपायाला मामा म्हणायची रीत आहे. हे मामा तालुक्याच्या मोजणी ऑफिसात साखळीवाले होते. जमीन मोजताना लोखंडी साखळीचं एक टोक धरून पुढं चालणारा माणूस म्हणजे साखळीवाला. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण त्या ऑफिसातली काही मंडळी अजून हयात आहेत आणि उद्या माझा प्लॉट मोजायला तीच यायची आहेत.

मी तिथं भूकरमापक म्हणून रुजू झालो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. हिंगोली तेव्हा परभणीतच होती, वेगळा जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. आमच्या घराण्यातली ही पहिली सरकारी नोकरी. वडील हिंगोलीत जिनिंगवर हमाली करायचे. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते आधी विहारात नेऊन दाखवलं, मग हॉटेलात, आणि मग ज्या ज्या माणसानं 'पोरगं शिकून काय दिवे लावणार' म्हटलं होतं त्या प्रत्येकाच्या दारात. त्या फेरीला दोन दिवस लागले, कारण अशी माणसं बरीच होती. आईला 'भूकरमापक' हा शब्द शेवटपर्यंत म्हणता आला नाही. ती शेजारणीला सांगायची, "माझं लेकरू आता लोकायच्या जमिनी मोजतंय," आणि गप्प व्हायची. आमची स्वतःची मोजायला गुंठाभरही नव्हती, ते तिला बोलायचं नसायचं.

रुजू व्हायच्या दिवशी मी ऑफिसच्या पायऱ्या चढायला लागलो तर व्हरांड्यात एक उंच, काटक म्हातारा गुडघ्यावर बसलेला. डोक्याला लाल रुमाल, अंगात खाकी लोकरी कोट, महिना जूनचा. त्यानं हात आडवा केला. "थांबा साहेब. साखळी अजून खरी व्हायची हाय." व्हरांड्याच्या फरशीत दोन खिळे ठोकलेले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. मामा रोज सकाळी त्या दोन खिळ्यांवर साखळी ताणून बघायचे. वापरून वापरून कड्या झिजतात, साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी म्हणजे कुणाचा तरी बांध खाल्ला. साखळी खिळ्याला खिळा जुळली की ते मोठ्यानं सांगायचे, "खरी हाय!" आणि मगच पहिला चहा घ्यायचे. तोवर दारातून साहेब जावो, कलेक्टर जावो, मामा हात आडवाच करायचे. मीही त्या दिवशी चौथ्या पायरीवर माझं पत्र हातात धरून पाच मिनिटं उभा होतो. माझ्या सरकारी नोकरीची पहिली पाच मिनिटं अशी गेली.

साखळीवर त्यांचा जीव होता म्हणणं फार कमी पडेल. घासलेटनं तिला अंघोळ, मग खोबरेल तेल, मग फडक्यात गुंडाळून गोणीत. कुणी तिला ओलांडून गेलं तर त्याला उलट ओलांडून माघारी यायला लावायचे. मोठ्या साहेबांनाही एकदा लावलं होतं, आणि ते आलेही होते. एसटीत कंडक्टरनं गोणीचं लगेज फाडायला पुस्तक काढलं की मामा ताठ व्हायचे. "सामान नोहे हे. सरकार हाय." कंडक्टर नवा असला तर हुज्जत कळमनुरीपर्यंत चालायची. जुना असला तर तो आपणच सरकून गोणीला जागा करून द्यायचा.

आणि सगळं जग ते साखळीतच मोजायचे. किलोमीटर त्यांना कळायचा, पण पटायचा नाही. एका किलोमीटरच्या शंभर साखळ्या होतात, हा हिशेब त्यांनी कधीच करून ठेवला होता. थोरली लेक पुसेगावकडच्या तांड्यावर दिली होती, तर म्हणायचे, "चार हजार साखळ्या लांब पडली पोरगी. मधली नव्वद साखळ्यांवर हाय, रोज येती अन् भांडून जाती." रजेच्या अर्जात कारण लिहायचं असतं. मामांचा अर्ज मी लिहून द्यायचो. एकदा त्यांनी सांगितलं, "लिहा, साडूचा दहावा, अंतर अडीच हजार साखळ्या, म्हणून दोन दिवस." मोठ्या साहेबांनी तो अर्ज काचेखाली ठेवला होता.

त्यांची तेरा पावलं म्हणजे बरोबर एक साखळी. कमी नाही, जास्त नाही. लग्नाच्या वरातीत नाचणारे पुढं, मामा मागं, पण तेरा पावलांनी बोट मोडणार. एकदा टाचेत बाभळीचा काटा मोडला तर दोन दिवस ऑफिसला आले नाहीत. मी विचारायला तांड्यावर गेलो. सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अंगाला त्यांचा तांडा. चांगले खाटेवर बसून मुरमुरे खात होते. म्हटलं, "मामा, काटा तर निघाला म्हणे." तर म्हणाले, "काटा निघाला, पण पाऊल खोटं पडून राहिलं. खोट्या पावलानं सरकारी कामावर कसं यावं?" मी हसलो. त्यांना माझ्या हसण्याचं नवल वाटलं.

पण मला त्यांच्या ज्या सवयीचा खरा राग यायचा ती वेगळीच. गावात मोजणीला गेलो की मामा साखळी सोडायच्या आधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचं घर विचारायचे आणि तिच्या ओट्यावर जाऊन तासभर बसायचे. चहा व्हायचा. सुना, नातवंडं, दुष्काळ, गुडघे, कुणाची म्हैस कधी आटली, सगळं व्हायचं. मी बाहेर झाडाखाली मोजणीची फळी, नकाशा, झेंड्या घेऊन उभा, डोक्यावर ऊन, अर्जदार घड्याळ बघतोय, आणि आतून मामांचा आवाज, "मग माय, तवा तो पिंपळ वठला व्हता का न्हाई?" मी धुसफुसलो की म्हणायचे, "साहेब, गडीमाणसं बांध सरकवत्यात. बाया फक्त बघत्यात. ज्यानं बघितलं त्यालाच इचारावं."

एक मात्र सांगितलंच पाहिजे. गावोगाव पारावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कुणीतरी पाटीलकीतला म्हातारा मान कलती करून विचारायचा, "साहेब कोणत्या गावचे? आडनाव न्हाई कळालं." मला त्या प्रश्नाचा अर्थ लहानपणापासून पाठ होता, आणि मी उत्तराची जुळवाजुळव करायच्या आत मामा गोणी धपकन खाली टाकायचे. "साहेबाचं आडनाव सरकार. चहा सांगा, दोन." त्यानंतर पुन्हा कुणी विचारायचं नाही, आणि चहा यायचा तो घरातल्या कपातून यायचा. मामांनी याबद्दल माझ्याशी कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पण त्या पहिल्या वर्षात माझी मान जी जराशी वर आली, त्यात वडिलांच्या दोन दिवसांच्या फेरीइतकाच या म्हाताऱ्याचा वाटा होता.

मामा मला चूक झाली असं कधीच म्हणायचे नाहीत. साहेबाची चूक होत नसते, अशी त्यांची शिस्त. माझं काही चुकलं की टोपी काढल्यासारखा डोक्यावरचा रुमाल काढायचे, झटकायचे, पुन्हा बांधायचे आणि म्हणायचे, "साहेब, एकडाव पुन्हा बघावं का?" बस. एवढंच. एकदाच म्हणायचे. मी सुरुवातीला दर वेळी पुन्हा बघायचो आणि दर वेळी चूक सापडायची. मग नऊ-दहा महिन्यांनी मला शिंगं फुटली.

एप्रिल महिना होता. मोठ्या साहेबांनी मला पहिल्यांदाच एकट्याच्या सहीनं एक मोजणी दिली. एका गावातली काशीबाई नावाची सत्तरीची म्हातारी आणि तिच्या दिराचा मुलगा दत्तराव, यांच्यातल्या बांधाची. काशीबाईचा नवरा हयात होता, पण कानानं पार गेलेला. दोघांनी तरुणपणी दोन उन्हाळे स्वतःच्या हातानं खणून बांधाजवळ विहीर पाडली होती. तिच्यावर थोडी हळद, थोडा कांदा, आणि लिंबाचं एक झाड. दत्तरावचं म्हणणं, चुलतीचा बांध माझ्याकडं सरकलाय. त्यानं मोजणीचा अर्ज केला होता.

त्या दिवशी मला दाखवायचंच होतं. मामा ओट्याच्या शोधात निघाले तेव्हा मी म्हटलं, "आज चहा नको. आपण थेट शिवेच्या दगडापासून धरू." तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथला दगड, नकाशात ठळक. नियमानं आणखी दोन दगडांशी तो जुळवून बघायचा असतो. एक दगड कुणाच्या तरी नांगराखाली कधीच गेला होता, दुसरा मी अर्धा तास शोधला आणि सोडून दिला. पण शिवेचा दगड झकास होता. डांबरी रस्त्याच्या कडेलाच, शेंदूर लावलेला, पुढं नारळाच्या करवंट्या. गावातल्या चार माणसांना विचारलं, "शिवेचा दगड हाच ना?" चौघं एका तोंडानं म्हणाले, "व्हय साहेब, हाच." आणखी काय पाहिजे?

मामांनी साखळी धरली. चालायला लागले, आणि दुसऱ्या साखळीला थांबले. रुमाल काढला. झटकला. "साहेब, एकडाव पुन्हा बघावं का?"

आणि मी, वय वर्षं तेवीस, त्यांच्या लेकापेक्षा लहान, सगळ्या गावासमोर म्हणालो, "मामा, नकाशा मी वाचतो. तुम्ही साखळी धरा."

त्यांनी रुमाल बांधला आणि साखळी धरली. दुपारपर्यंत मोजणी संपली. रेष विहिरीच्या पलीकडून गेली. म्हणजे विहीर, लिंबाचं झाड आणि हळदीचे वाफे दत्तरावच्या हद्दीत. दत्तरावनं तिथल्या तिथं पोरगं पिटाळून पेढे मागवले. म्हातारा लिंबाखाली बसला होता. त्यानं बायकोला खुणेनं विचारलं, काय म्हणाले साहेब? काशीबाई त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "काही न्हाई! मोजून राहिले!" मग माझ्याकडं आली आणि रस्ता विचारावा तसं विचारलं, "मग साहेब, आता पाणी कुठून शेंदायचं?"

मी म्हणालो, "ते आमच्या हातात नाही, आजी. आम्ही फक्त मोजतो." हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. तेव्हा ते फार चांगलं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात खुणा रोवायला आणि राहिलेल्या सह्या घ्यायला पुन्हा त्याच गावी जायचं होतं. मी मंगळवार ठरवला. मामा म्हणाले, मंगळवारी पाय ठणकतोय, गुरुवारी जाऊ. गुरुवारी गावात उतरायचं सोडून त्यांनी मला शिवेवरच उतरवलं आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसकण मारली. "जरा बसू साहेब, ठणका हाय." बसलो. अर्धा तास गेला. मी चिडायच्या बेतात होतो तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. वऱ्हाडाच्या दोन जीपगाड्या येऊन शिवेच्या दगडापाशी थांबल्या. आमच्याकडं नवरदेव पराया गावात शिरताना शिवेच्या दगडाला नारळ फोडतो. नवरदेव उतरला, नव्या बुटांनी दोन पावलं चालला, नारळ फोडला, परत जीपमध्ये. त्याची आजी मात्र काठी टेकत उतरली होती, तिचं माहेर याच गावचं. ती दगडाकडं बघून कौतुकानं म्हणाली, "मज्जा हाय बाबा तुमची! आमच्या टायमाला त्या तिकडं चिंचेच्या खुटापाशी जावं लागायचं, उन्हाचं, ढेकळं तुडवत. आता सडक झाली तर दगडच सडकंवर आणून ठेवला!"

मी बाभळीखालून उठून तिच्यापाशी गेलो. मी विचारलं, "आजी, दगड हलवला? कुणी?"

"गावानं," ती म्हणाली. "नवरदेवाचे बूट खराब व्हत व्हते. चांगला नारळ-निवद दाखवून आणला, उगं न्हाई आणला."

जवळ उभ्या गावकऱ्याला मी अक्षरशः धरलं. परवा मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? तो बिचारा गोंधळून गेला. "तुमी इचारलं शिवेचा दगड हाच का. हाच हाय की. दुसरा कोणता हाय?" खरं होतं त्याचं. देव हलवला, जमीन कुठं हलवली होती? चिंचेच्या खुटापासून रस्ता सव्वीस पावलांवर. मामांच्या सव्वीस पावलांवर, म्हणजे दोन साखळ्या. माझी सगळी मोजणी दोन साखळ्या सरकली होती, आणि काशीबाईची विहीर मी कागदावर उचलून दत्तरावला देऊन आलो होतो. मामा जागचे उठले, गोणी खांद्यावर घेतली. "ठणका कमी झाला," म्हणाले. चूक हा शब्द तेव्हाही त्यांनी काढला नाही.

आता कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर जायच्या आत मला लिहून द्यायला हवं होतं, की मोजणी चुकली. लिहायचं म्हटलं की हात थांबायचा. परिविक्षेचा काळ होता, म्हणजे सरकार दोन वर्षं तुमच्याकडं एक डोळा बारीक करून बघत असतं. नोकरी गेली तर वडिलांना त्या सगळ्या दारांपुढून मान खाली घालून जावं लागलं असतं. मी व्हरांड्यात कोरा कागद घेऊन बसलो होतो. मामा शेजारी साखळीला तेल लावत होते. म्हणाले, "लिहा साहेब. साखळीवाल्यानं दगड खोटा दाखवला."

"काहीतरीच काय मामा."

"माझी पेन्शन सव्वा वर्षावर आली. माझं काय वाकडं व्हतं? तुमची अजून पहिली पेरणी हाय. लिहा, निष्काळजीपणानं दाखवला. भारी शब्द हाय तो. अन् बेजबाबदार बी घाला, साहेबाला आवडतो."

मी नको नको म्हणत होतो. आणि लिहितही होतो. खोटं कशाला सांगू? त्यांनी शब्द सांगितले, मी अक्षर काढलं, त्यांनी खाली झोकदार सही केली. त्यांना तेवढंच लिहिता यायचं. मी तो कागद नेऊन दिला.

मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी दोघांनाही आत बोलावलं. मामा टेबलासमोर हात बांधून, मी मागं, दाराच्या पडद्याजवळ. साहेब तसे भले माणूस होते, पण रागावले की तोंड सुटायचं. आणि मामा अपराध्याचं सोंग इतकं वाईट करत होते की एरवी मला हसू आलं असतं. दर वाक्याला "व्हय साहेब, बराबर साहेब." मग साहेब म्हणाले, "तीस वर्षं झाली नोकरीला! दगड ओळखता येत नाही तुम्हाला? सर्व्हिस बुकात लाल शाईनं येईल हे, मग पेन्शनची फाईल कशी हलते बघा."

मामा म्हणाले, "व्हय साहेब. आता नजर गेली माझी."

मी तेव्हा पडद्याला हात लावला होता. बाहेर पडायला. माझं तिथं काही काम नव्हतंच, साहेब माझ्याकडं बघतही नव्हते. एक पाय उंबऱ्यावर होता. पण ज्या माणसाची नजर दोन शेताआडचा वाकडा बांध हेरायची, त्याला स्वतःच्या तोंडानं हे म्हणताना ऐकलं आणि मला माझीच किळस आली. मी मागं फिरलो. म्हणालो, "सर, दगड मी धरला. मामांनी मला थांबवलं होतं. मी ऐकलं नाही."

मामा गर्रकन वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "साहेब, गप बसा! मोठे साहेब, पोरगं लहान हाय, मला वाचवून राहिलं. दगड म्याच दाखवला."

"खोटं आहे सर. मी चहा घेऊ दिला नाही त्यांना."

"चहाचा काय संबंध?" साहेब ओरडले.

"चहा मीच घेतला न्हाई!" मामा ओरडले. "माझीच चूक!"

बाहेर टायपिंग थांबलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, या ऑफिसात चुकीला कधी मालक सापडत नाही. आणि आज एकाच चुकीवर दोघांचा ताबा! आता हिची पण मोजणी लावू का?" मग हसू आवरेना म्हणून त्यांनी पाणी प्यायलं. हसून झाल्यावर माझी परिविक्षा सहा महिन्यांनी वाढवली, मामांचा कागद फाडला आणि पुन्हा मोजणीचा हुकूम काढला. सहा महिन्यांचं मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोलून वाढले ना? मग वाढू दे."

दुसऱ्या मोजणीला मामांआधी मीच गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं चिंचेचा खुंट दाखवला, तिथं खणल्यावर जुन्या दगडाच्या बुडाशी खूण म्हणून घातलेला चुना लागला, आणि नांगराखाली गेलेल्या दगडाचा तुकडाही तिच्याच सांगण्यावरून सापडला. दोन्ही खुणा जुळल्या. मामा चालले, मी मोजलं. विहीर काशीबाईच्या हद्दीत चांगली वीस फूट आत निघाली. दत्तराव तोंड पाडून म्हणाला, "पण साहेब, पेढे वाटून बसलो ना मी!" लिंबाखालच्या म्हाताऱ्यानं पुन्हा खुणेनं विचारलं, काय म्हणाले? काशीबाई त्याच्या कानाशी वाकली. "काही न्हाई! मोजून राहिले!" आणि पोहरा विहिरीत सोडला. आम्हाला पाणी दिलं. त्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याची विहीर तीन आठवडे दुसऱ्याची होती.

मामा सव्वा वर्षानं रिटायर झाले. सत्काराच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मग जिल्हा झाला, माझ्या बदल्या झाल्या, ऑफिसात मोजणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, साखळ्या माळ्यावर गेल्या. सात-आठ वर्षांनी सिद्धेश्वरकडं काम निघालं तेव्हा मी तांड्यावर गेलो. मामा खाटेवर होते, फार वाळले होते, पण साहेब म्हणून उठायला बघत होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना मी विचारलंच. "मामा, त्या दिवशी दगड हललेला तुम्हाला पक्कं माहीत होतं ना?"

"व्हय की. त्याच चिंचेपासून म्या आधी दोनदा मोजलं व्हतं ते गाव."

"मग काहून सांगितलं नाही? बिचाऱ्या म्हातारीचा जीव तीन आठवडे टांगणीला."

"तिला म्या त्याच सांजंला सांगून आलो व्हतो, माय, घोर करू नको, हीर तुझीच हाय." मामा सावकाश बोलत होते. "हीर कुठं पळून जात व्हती साहेब? तुमी पळता का, ते बघायचं व्हतं."

मी म्हणालो, "मी पळालो होतो मामा. तुमचं नाव लिहून दिलं होतं मी."

"माहीत हाय," ते म्हणाले. "पार उंबऱ्यापर्यंत गेलता तुमी. माझी पाठ व्हती तुमच्याकडं, पण पावलं ऐकू येत व्हती." आणि माझा हात धरून ठेवला. बराच वेळ सोडला नाही.

त्या वर्षीच्या थंडीत ते गेले. मला कळायला महिना लागला. आता माझ्या हाताखाली नवी पोरं येतात, हुशार, यंत्र घेऊन, घाईत. ती चुकतात तेव्हा मला लांबूनच दिसतं. दर वेळी ठरवतो, की आज गप्प बसायचं, रुमाल झटकायचा आणि वाट बघायची. पण ती उंबऱ्यावरून परत फिरलीच नाहीत तर काय, या भीतीनं माझ्याच्यानं राहवत नाही, आणि मी ओरडून सांगून मोकळा होतो. मामांना ती भीती वाटली नसेल असं नाही. त्यांनी ती सोसली, आणि तीही माझ्यासारख्याच्या भरवशावर.